हात कोणाचा?

लोणावळ्यातल्या एका दुकानात परवा एक कुर्ता आवडला. निळीचा रंग, जाडंभरडं सुती कापड आणि गळ्याशी सुतळीने लटकवलेलं तपकिरी कार्ड: ‘प्रेमाने, हाताने घडवलेला’. किंमत तीन हजारांच्या वर. कुर्ता देखणा होता, कबूल. पण मी कार्डच वाचत राहिले.

या ओळीत कर्ता नाही. हात आहे, प्रेम आहे, माणूस गायब. कुणी विणलं, कुठे, त्या तीन हजारांतले किती त्याच्या हातावर पडले? सरकारचा हँडलूम मार्क २००६ पासून आहे. कापड हातमागाचं आहे एवढं तो सांगतो. माग कुणाचा, ते नुसत्या त्या चिन्हावरून कळत नाही.

फास्ट फॅशनच्या लेबलवर निदान देशाचं नाव असतं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली. नंतर कार्यकर्त्यांनी ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबलं वेचली, कारण इथे आपला माल शिवला जात होता हे काही ब्रँड मान्यच करेनात. तिथे लेबल पुरावा ठरलं. आपल्या तपकिरी कार्डावरून उद्या काय सिद्ध होईल?

दुकानापासून थोड्याच अंतरावर कार्ल्याची लेणी आहेत. एकवीरेच्या गर्दीतून वाट काढत चैत्यगृहाशी जा. दाराजवळच्या दगडी जोडप्यांचे फेटे, कमरेची वस्त्रं, दागिने बघण्यासारखे आहेतच. पण मला तिथला एक छोटा ब्राह्मी लेख जास्त आवडतो. धेनुकाकटाचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने हे दार केलं. नाव, बाप, गाव, काम. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं लेबल, आणि कर्त्यासकट! अर्थात फार हुरळून जायला नको. संपूर्ण लेण्याचं श्रेय वैजयंतीच्या भूतपाल शेठने आपल्या नावावर कोरून घेतलंय, आणि डोंगर फोडणारे बहुतेक हात तिथेही बिननावाचेच आहेत.

‘माइंडफुल’ खरेदीवरचे रील्स मला म्हणूनच खटकतात. त्यांत सगळं लक्ष घेणाऱ्याच्या मनावर: मी किती सजग, माझं कपाट किती मोजकं. विणणारा नुसता पार्श्वभूमीला, धूसर. आणि ज्याचा पॉकेटमनीच हजार रुपये आहे त्याने अपराधी वाटून घ्यायचं! त्याने तीनशेचा टीशर्ट पाच वर्षं वापरला तर मी त्याला काहीच म्हणणार नाही.

दुकानदाराला विचारलं, “हा कुणी विणलाय?”

“सप्लायरकडून येतो, मॅडम.”

कुर्ता परत हँगरला लावला.

घरी आजीच्या इरकली लुगड्यांची गोधडी आहे. तिला लेबल नाही. पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा एका कोपऱ्याशी येऊन थांबतो आणि पुढचे टाके लाल दोऱ्याचे आहेत, जरा मोठे, तिरके. तिथून पुढची गोधडी आत्याने शिवली, हे घरातलं शेंबडं पोरही सांगतं.