काढून टाकलेला सोबती

२०२५ सालच्या जानेवारी महिन्यात, १८, १९ आणि २१ या तारखांना, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश रॉक बँडचे कार्यक्रम झाले. त्या दिवसांत नवी मुंबईतील आपल्या तरुण मुलामुलींच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. वडीलधाऱ्यांचा प्रश्न मात्र एकच होता : ‘फादर, ह्या गोंगाटात एवढे आहे तरी काय?’ उत्तर देण्याइतके त्या संगीताचे ज्ञान माझ्यापाशी नाही. परंतु चित्रपटासारख्या माध्यमांकडे पाठ न फिरवता ती पारखून घ्यावीत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगून ठेवले आहे. त्या शिकवणीला स्मरून मी या बँडवरील ‘अ हेड फुल ऑफ ड्रीम्स’ हा माहितीपट आमच्या युवा मंडळातील काही मुलांसोबत पाहिला. २०१८ साली प्रदर्शित झालेल्या या पावणेदोन तासांच्या चित्रपटाचे दिग्दर्शक आहेत मॅट व्हाइटक्रॉस.

माहितीपटाचे वेगळेपण त्याच्या जन्मकथेत आहे. व्हाइटक्रॉस हे या चौघांचे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मित्र. बँडला नावही धड लाभले नव्हते, तेव्हापासून त्यांच्या हातात कॅमेरा होता. म्हणूनच १९९८ च्या सुमाराची दृश्ये येथे मागाहून रचलेली नाहीत. ती घडता घडता टिपलेली आहेत. विद्यार्थ्यांची अडगळीची खोली, वायरींचा गुंता, अर्धवट चाली आणि त्यांत बुडून गेलेले विशीतले तरुण. डेव्हनमधील ख्रिस्ती कुटुंबात वाढलेला क्रिस मार्टिन गातो. वेल्समध्ये वाढलेला जॉनी बकलंड गिटार छेडतो. स्कॉटलंडचा गाय बेरीमन बेस गिटार सांभाळतो. आणि साउथॅम्प्टनचा विल चॅम्पियन ड्रम वाजवतो. यातील विलची गोष्ट न्यारीच आहे. तो गिटार वाजवत असे, ड्रम त्याचे वाद्यच नव्हते. ठरलेला ड्रमवादक आला नाही म्हणून विलने काठ्या हाती घेतल्या आणि त्या त्याच्याच हाती राहिल्या.

पाचवा मित्र रंगमंचावर दिसत नाही. क्रिसचा शाळेपासूनचा सोबती फिल हार्वे याने व्यवस्था पाहिली आणि १९९८ मधील ‘सेफ्टी’ या पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठी पैसे उभे केले. तिच्या अवघ्या ५०० प्रती निघाल्या आणि त्यांतील बहुतेक मित्रांना व कंपन्यांना वाटण्यातच संपल्या. पुढे २००० सालच्या जुलैमध्ये ‘पॅराशूट्स’ हा संग्रह आला आणि जग या मुलांना ओळखू लागले.

वसईकर वाचकांना हा बँड आणखी एका कारणाने ठाऊक असेल. २०१६ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्याच्या चित्रफितीचे काही चित्रण वसईच्या किल्ल्यात झाले होते. त्या चित्रफितीत आपला देश दिसतो तो रंगांची उधळण, साधू आणि जुन्या भिंती एवढाच. ज्यांच्या पूर्वजांनी त्या भिंतींच्या आतील चर्चमध्ये प्रार्थना केली, त्यांचे तेथे काहीच नाही. पाहुण्याच्या घाईच्या नजरेला वरवरचे रंगच दिसतात. माहितीपटाचे बळ नेमके याच्या उलट आहे. वीस वर्षे सोबत राहिलेल्या मित्राची ती नजर आहे. प्रेमाला वेळ द्यावा लागतो, तसा तो कलेलाही द्यावा लागतो.

मात्र मित्राच्या नजरेला मर्यादाही असतात. आरंभीच्या एका दृश्यात तरुण क्रिस कॅमेऱ्यासमोर सांगतो की, चार वर्षांत आमचा बँड फार मोठा झालेला असेल. आमची मुले हे पाहून हरखून गेली. मला मात्र वाटले, असे भाकीत त्या वर्षी लंडनमधील कितीतरी खोल्यांत कितीतरी मुलांनी केले असेल. त्यांच्या चित्रफिती आज कपाटात धूळ खात पडल्या असतील. यशस्वी झालेल्यांचेच आरंभ आपल्याला दाखवले जातात आणि मग आपण आत्मविश्वासालाच यशाचे कारण समजतो. चित्रपट हा भ्रम दूर करीत नाही. उलट जुन्या खोलीतून थेट लाखोंच्या गर्दीत उडी घेत तो अधिकच दृढ करतो. पालकांनी आपल्या मुलांशी बोलावे, असा हा मुद्दा आहे.

तरीही हा माहितीपट मी वाचकांना पाहावयास सांगेन, तो एका प्रसंगासाठी. पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रणांच्या काळात वाजवणे हवे तसे जमेना, ताण वाढला आणि क्रिसने विलला बँडमधून काढून टाकले. मग अपराधाची टोचणी त्याला स्वस्थ बसू देईना. अखेर तो स्वतः विलकडे गेला आणि परत येण्याची त्याने विनवणी केली. विल परतला. त्यानंतर चौघांनी नियम ठरवले : मिळकत चौघांत सारखी वाटायची, निर्णय एकमताने घ्यायचे, घातक अमली पदार्थांना जो हात लावील त्याला येथे जागा नाही. सारख्या वाट्याची ही रीत त्यांनी ‘यू टू’सारख्या बँडकडून उचलली. तो आयरिश बँडही १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळच्या याच स्टेडियममध्ये गाऊन गेला.

श्रद्धावंत वाचकाला येथे प्रेषितांची कृत्ये आठवल्यावाचून राहणार नाहीत. पहिल्या प्रवासात मार्क अर्ध्यावरून माघारी गेला म्हणून संत पौलाने त्याला पुन्हा सोबत घेण्यास नकार दिला. त्यावरून बर्णबाशी त्याचा तीव्र वाद झाला आणि दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला. परंतु कथा तेथे संपत नाही. पुढे बंदिवासातून तिमथीला लिहिताना पौल सांगतो की, येताना मार्कला घेऊन ये, त्याचा मला उपयोग आहे. पौलासारख्या महापुरुषालाही हे एक वाक्य लिहिण्यास कितीतरी वर्षे लागली. या रॉक संगीतकारांना मी संतपदी बसवू इच्छित नाही. त्यांची श्रीमंती आणि त्यांची जीवनशैली आपल्याहून फार निराळी आहे. पण ज्याने दुखावले त्यानेच उंबरठा ओलांडून जावे, हा समेटाचा नियम त्या विशीतल्या मुलाने पाळला. माझी तक्रार एवढीच की, चित्रपट या प्रसंगावर पुरेसा रेंगाळत नाही. विलला त्या दिवसांत काय वाटले असेल? बँडला जग जिंकता आले ते पुढच्या गाण्यांमुळे. पण बँड टिकला तो या एका भेटीमुळे. पुढे फिल हार्वेही ताणाने खचून काही वर्षे दूर गेला आणि परतला. जाणे आणि परत येणे, हेच या चित्रपटाचे खरे सूत्र आहे. दिग्दर्शकाला मात्र स्टेडियममधील रोषणाईचा मोह अधिक पडतो.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही, याचे कारण सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी एका धर्मग्रामात नवा असताना, आमच्या गायनवृंदात ढोलकी वाजवणारा एक मुलगा होता. त्याचा ताल मधूनच सुटे. नाताळ जवळ आला होता. गायनवृंदाच्या प्रमुखांनी चिंता व्यक्त केली आणि मी त्या मुलाला सांगितले, ‘बाळा, या वर्षी तू बसून ऐक.’ मध्यरात्रीची मिस्सा उत्तम झाली. सर्वांनी गायनाची वाखाणणी केली. तो मुलगा शेवटच्या बाकावर बसला होता. पुन्हा तो गायनवृंदात आला नाही, आणि मीही त्याला बोलवायला गेलो नाही. पुढे माझी बदली झाली. इतरांना समेटाचा संस्कार देणाऱ्या माझ्यासारख्याला हे पाऊल कधी उचलता आले नाही.

आपल्या धर्मग्रामांत गायनवृंद फुटतात, युवा संघटना विस्कटतात, भजनी मंडळे दोनाची चार होतात. कारणे बहुधा क्षुल्लक असतात : एखाद्याला सोलो मिळाला नाही, एखाद्याचा सूर चुकला. उत्कृष्टतेचा आग्रह चुकीचा नाही. प्रभूची स्तुती नेटकीच व्हावी. पण ज्याला आपण बाजूला केले, त्याच्या दारी आपण पुन्हा गेलो का, हा प्रश्न मिस्सा सुरेल झाल्याने सुटत नाही.

चित्रपट संपल्यावर आमच्या मुलांनी आवडत्या गाण्यांविषयी पुष्कळ चर्चा केली. मी काही बोललो नाही. मात्र दुसऱ्या दिवशी जुन्या ओळखीतून त्या ढोलकीवाल्याचा पत्ता मिळवला. तो आता संसारी गृहस्थ आहे. अद्याप मी गेलेलो नाही; पण हे लिहून छापून आल्यावर न जाणे मला जड जाईल. किंबहुना, म्हणूनच लिहिले आहे.