काट्यापासून सुरू होणारी बाग

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. १६०८ साली तिथे जन्मलेल्या या कवीचे ‘बागप्रकरण’ दासबोधाच्या सावलीत राहते. वनस्पतींची यादी म्हणून ते बाजूला ठेवणे सोपे आहे. यादी ती आहेच; पण तिचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

रचना आंब्या-मोगऱ्याने उघडत नाही, काट्याने उघडते. काटी, रामकाटी, नेपती, सागरगोटी, हिंगणबेट, रायबोर ही मंडळी सुरुवातीलाच भेटतात. फळाफुलांची पाळी नंतर. शेतकऱ्याचाही हाच क्रम असतो. आधी कुंपण, मग लागवड. उघड्या रानातले रोप शेळीच्या तोंडी जाते. म्हणून मी ही रचना बागेचे वर्णन म्हणून नव्हे, तर बाग उभी करण्याची रीत म्हणून वाचतो.

नेपती, हिंगणबेट ही कोरड्या मुलखाची झाडे. ती जांबच्या बालपणातून आली असे म्हणण्याचा मोह होतो. पण समर्थांचे उत्तरायुष्य कृष्णाखोऱ्यात गेले आणि शेजारचा माणदेशही काटेरीच आहे. झाडांच्या नावांवरून कवीचे गाव ठरवता येत नाही.

या रचनेची मर्यादाही कुंपणातच दिसते. सारा भर झाडांच्या नावांवर आहे. कुंपणात राहणारे जीव तिच्या कक्षेत येत नाहीत. बोरीच्या जाळीत तितर दडतो. काळ्या शिरांची पांढरी फुलपाखरे नेपतीवर अंडी घालतात. खाटीक पक्षी नाकतोडा, सरडा काट्याला टोचून ठेवतो आणि सवडीने खातो. माणसाला जो काटा राखण म्हणून हवा, तोच खाटकाला खुंटी म्हणून लागतो. काट्याचा हा दुसरा अर्थ आजच्या कवी-चित्रकारांसाठी शिल्लक आहे.

आणि वेळ थोडा आहे. बांध कोरले जातात, पेटवले जातात; काटेरी कुंपणाच्या जागी तार येते. तारेच्या आश्रयाला तितर येत नाही. नेपती बांधावरून गेली की तिचे नाव रचनेत उरेल, पण बोट दाखवायला झाड उरणार नाही. कुंपणावरच्या नव्या कलाकृतीकडून माझी पहिली अपेक्षा म्हणूनच साधी आहे: तिच्यात नुसते ‘काटेरी झुडूप’ नसावे, कोणती काटी ते कळावे. फुलपाखरू अंडी घालताना तेवढे पारखतेच.