आयव्हन डिक्सन : नट आणि दिग्दर्शक

चांगला नट चांगला दिग्दर्शक होतोच असें नाहीं. आणि झाला तरी त्यास मनाजोगें काम मिळेलच असेंहि नाहीं. अमेरिकेंतील कृष्णवर्णी नट आयव्हन डिक्सन (१९३१–२००८) यांच्या बाबतींत पहिली गोष्ट साधली. दुसरी मात्र उभ्या आयुष्यांत जेमतेम एकदांच साधली. त्या एका वेळीं काय घडलें हें वाचकांस सांगावें, व त्या ओघांत त्यांच्या कामगिरीचें मोल ठरवावें, असा आमचा विचार आहे.

डिक्सन न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत जन्मले व १९५४ सालीं उत्तर कॅरोलिनांतील डरहॅम येथील कॉलेजांतून नाट्यविषय घेऊन पदवीधर झाले. १९५८ च्या 'द डिफायंट वन्स' या चित्रपटांत सिडने पॉइटिए यांच्याऐवजीं धोक्याचीं कामें करणें, हा त्यांचा आरंभींचा एक धंदा. पुढच्याच वर्षीं लॉरेन हॅन्सबेरी यांचें 'अ रेझिन इन द सन' ब्रॉडवेवर आलें, त्यांत असागाई या नायजेरियन विद्यार्थ्याची भूमिका त्यांनीं केली. १९६१ च्या चित्रपटांतहि तीच केली.

परंतु नट म्हणून त्यांची खरी परीक्षा 'नथिंग बट अ मॅन' (१९६४) या चित्रपटांत झाली. दिग्दर्शक मायकेल रोमर हे लहानपणीं नाझी जर्मनींतून निसटून आलेले ज्यू. कथा साधी आहे. डफ अँडरसन हा आलाबामांतील रेल्वेचा मजूर एका पाद्र्याच्या शिकलेल्या मुलीशीं लग्न करतो, लाकडाच्या गिरणींत कामास लागतो, सोबत्यांना एकजुटीचें महत्त्व सांगतो आणि नोकरी गमावतो. पुढें पेट्रोलच्या पंपावर गोरीं गिऱ्हाइकें त्यास डिवचतात. तेंहि काम जातें. डिक्सन यांचा राग आवाजांत नाहीं, जबड्यांत आहे. बाहेर गिळलेला अपमान हा मनुष्य घरीं गरोदर बायकोवर काढतो, तेव्हां आपली सहानुभूति आटत नाहीं, तरी ती निर्धास्तहि राहत नाहीं. नायकास निर्दोष ठेवण्याचा मोह येथें कोणासच झालेला नाहीं, आणि म्हणूनच हें चित्र आम्हांस पुष्कळ गाजलेल्या चित्रांहून वरचढ वाटतें.

यानंतर काय मिळावें? जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीवरील 'होगन्स हीरोज' ही विनोदी मालिका! तींत बिनतारी यंत्र सांभाळणाऱ्या सार्जंट किंचलो याचें काम डिक्सन यांनीं १९६५ पासून पांच वर्षें केलें. पात्र हुषार व सभ्य. पण त्यास करावयाचें काय, तर दूरध्वनीवर जर्मन अधिकाऱ्यांच्या नकला. १९७० सालीं, मालिका चालू असतांनाच, ते बाहेर पडले. कीर्ति व वेतन दोन्ही मिळत असतां असें करणारे नट विरळा.

दिग्दर्शक म्हणून त्यांचा 'ट्रबल मॅन' (१९७२) ठीक आहे; मार्व्हिन गे यांचें संगीतच त्यांत अधिक लक्षांत राहतें. १९७३ चा 'द स्पूक हू सॅट बाय द डोअर' ही मात्र निराळी चीज. 'स्पूक' म्हणजे भूत, हेर, आणि कृष्णवर्णीयांस हिणवण्याची एक शिवीहि. तिन्ही अर्थ येथें कामास येतात. सॅम ग्रीनली यांची मूळ कादंबरी अमेरिकन प्रकाशकांनीं नाकारल्यामुळें १९६९ सालीं लंडनमध्यें निघाली होती. एका सेनेटरास कृष्णवर्णीयांचीं मतें हवीं असतात, म्हणून अमेरिकेचें हेरखातें फ्रीमन नांवाच्या एका कृष्णवर्णीयास घेतें आणि नकलाछपाईच्या यंत्रापाशीं बसवून पाहुण्यांस दाखवीत राहतें. पांच वर्षांनीं तो राजीनामा देऊन शिकागोस परततो, आणि शिकलेली सारी विद्या गल्लींतल्या पोरांस देऊन बंड उभारतो. हातांत झाडू किंवा तबक असलेला कृष्णवर्णी माणूस कोठेंहि शिरला तरी कोणाच्या नजरेस येत नाहीं, हा त्याचा पहिला पाठ होय.

डिक्सन यांनीं हें सारें थंडपणें मांडलें आहे. कचेरींतील प्रसंग उजळ, सपाट प्रकाशांत घेतले आहेत. एखादी दूरचित्रवाणी-मालिका चालू आहे असें वाटावें, आणि तेथेंच भीति दडलेली आहे. फ्रीमनचा मार्ग आम्हांस मान्य नाहीं. तो कोठें नेतो हें इतिहासानें वारंवार दाखविलें आहे. परंतु मत पटत नाहीं म्हणून कलाकृति खोटी ठरत नाहीं. दोष दाखवावयाचाच तर तो स्त्रीपात्रांचा : तीं केवळ नायकाच्या सोयीपुरतीं येतात. रोमर यांच्याबरोबर काम केलेल्या माणसानें येथें अधिक धडा घ्यावयास हवा होता.

पैसा बहुतांशीं कृष्णवर्णी लोकांनींच घातला. शिकागोनें परवानगी नाकारल्यामुळें बरेंचसें चित्रण इंडियानांतील गॅरी शहरीं झालें. तेथील महापौर रिचर्ड हॅचर हे स्वतः कृष्णवर्णी होते. डिक्सन यांनीं पुढें सांगितलें कीं, वितरक मिळावा म्हणून आपण युनायटेड आर्टिस्ट्सला केवळ मारामारीचे तुकडे दाखविले. चित्रपट लागला आणि थोड्याच आठवड्यांत काढूनहि घेण्यांत आला. सरकारी दडपणामुळेंच तसें झालें, असें ते व ग्रीनली दोघेहि म्हणत. मूळ फिल्म दुसऱ्याच नांवानें ठेवून वांचविण्यांत आली.

त्यापुढें दोन दशकें डिक्सन यांनीं मुख्यतः दूरचित्रवाणीवर काम केलें : 'द वॉल्टन्स', 'द रॉकफर्ड फाइल्स', 'मॅग्नम', 'द ए-टीम'. यास कोणी अधःपात म्हणेल. आम्ही तसें म्हणत नाहीं; त्या काळीं त्या खुर्चीवर कृष्णवर्णी मनुष्य क्वचितच बसे, आणि वेळेवर, नेटकें काम करून देणें ही लहान गोष्ट नव्हे. पण साप्ताहिक मालिकेचा सूर आधींच ठरलेला असतो. दिग्दर्शक आठवड्यागणिक बदलतो आणि प्रेक्षकास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. 'स्पूक'मधला तो थंड, धारदार हात या भागांत शोधूं जाणारास निराशाच पदरीं येईल.

'नथिंग बट अ मॅन' १९९३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदींत दाखल झाला. 'स्पूक' २००४ सालीं तबकडीवर निघाला, तेव्हां डिक्सन हयात होते. त्याच नोंदींत तो गेला तो २०१२ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं.