टक्केवारीचे गणित आणि शून्याची अडचण

कुटुंबाच्या खर्चाची विभागणी टक्क्यांत मांडून तीवर सहसंबंधाचे गणित चालविण्याची प्रथा सामाजिक पाहण्यांत रूढ आहे. जॉन एचिसन यांचा १९८६ सालचा ग्रंथ या प्रथेच्या मुळावरच घाव घालतो. म्हणून त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सर्व हिश्श्यांची बेरीज शंभरच असते. एक वाढला की दुसरा कोणी तरी घटणारच. या सक्तीतून उपजणाऱ्या ऋण सहसंबंधास वास्तव मानता येत नाही. कार्ल पिअर्सन यांनी आभासी सहसंबंधाचा इशारा १८९७ मध्येच दिला होता. तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. एचिसन हिश्श्यांऐवजी त्यांच्या गुणोत्तरांचे लॉगॅरिथम घेतात. अन्न ५०, भाडे ३०, शिक्षण २० असता अन्न ६० झाले व उरलेले २४ आणि १६ वर आले, तरी भाडे व शिक्षण यांचे गुणोत्तर दीडच राहते. इथवर आम्ही त्यांच्याशी पूर्ण सहमत आहोत.

आमचा आक्षेप शून्यापाशी आहे. शून्याला लॉगॅरिथम नसतो. मापनयंत्रास न सापडलेल्या अंशाच्या जागी लहानशी संख्या घालणे क्षम्य ठरेल. परंतु ज्या कुटुंबाने शिक्षणावर एक पैसाही खर्च केला नाही, त्याच्या नावे पाव टक्का लिहिणे म्हणजे त्याचा अभावच पुसून टाकणे होय. एचिसन हा भेद जाणतात, हाँगकाँगमधील खर्चाची उदाहरणेही देतात. मात्र त्यांतील चार गट इतके व्यापक आहेत की शून्यास फारसा वावच राहत नाही. अशा वेळी खर्च झाला की नाही, हा प्रश्न आधी स्वतंत्रपणे सोडवावा आणि गुणोत्तरे खर्च करणाऱ्यांपुरतीच तपासावीत, असे आमचे मत आहे.