व्हेंटिलेटरवर विजेचा व्यायाम: १४० पैकी ८८ जण मोजलेच नाहीत

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे स्नायू फार झपाट्याने झडतात. झुडिन पुथुचेरी आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद दहा दिवसांत १७.७ टक्क्यांनी घटला होता. बेशुद्ध माणूस व्यायाम करणार कसा? म्हणून ही युक्ती: कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवायचे, सौम्य विद्युतप्रवाह सोडायचा, की स्नायू आपोआप आकुंचन पावतो. कल्पना छानच आहे. प्रश्न आहे तो पुराव्याचा.

या विषयावर हमखास दाखला दिला जातो तो अथेन्सच्या क्रिस्टिना रूत्सी यांच्या गटाच्या २०१० च्या शोधनिबंधाचा. निष्कर्ष वाचून कुणीही खूश होईल: विजेची उत्तेजना मिळालेल्या २४ पैकी ३ जणांना आयसीयूमुळे येणारा नसा-स्नायूंचा आजार झाला, न मिळालेल्या २८ पैकी ११ जणांना. शीर्षकातच आजार टळतो, असं ठाम विधान आहे.

आता जरा बेरीज करा. २४ अधिक २८ म्हणजे ५२. पण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले रुग्ण होते १४०! उरलेले ८८ शेवटच्या हिशेबात नाहीत.

यात लबाडी नाही, अडचण मोजमापाची आहे. ताकद मोजायची तर रुग्ण जागा हवा, 'हात उचला' म्हटलं की उचलणारा हवा. १२ स्नायूगट, प्रत्येकी ० ते ५ गुण, एकूण ६०. ४८ च्या खाली गेलं की अशक्तपणा. जे दगावले किंवा शुद्धीवर आलेच नाहीत, त्यांना गुण देणार कसे? पण मग तुलना उरते ती फक्त तगलेल्यांची, आणि चिठ्ठ्या टाकून दोन्ही गट सारखे करण्याचा फायदा इथेच निसटतो. शिवाय आकडे इतके लहान, की दोन-तीन रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी निष्कर्ष डळमळेल.

पुढे काय झालं? मिशेल खो यांच्या अमेरिकेतल्या २०१५ च्या चाचणीत दुसऱ्या गटाला दिखाव्यापुरते इलेक्ट्रोड लावले होते. रुग्णालयातून सुटताना पायांच्या ताकदीत ठोस फरक दिसला नाही. अर्थात तीही चाचणी छोटीच. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या ३१४ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या लवकर सुरू केलेल्या व्यायामाला पलंगावरची सायकल आणि विजेची उत्तेजना यांची जोड दिली. आयसीयूतून बाहेर पडताना मधले गुण ४८, जोड नसलेल्यांचे ५१. म्हणजे फायदा नाहीच.

आणखी एक गोम आहे. पायांना सूज, सेप्सिस किंवा रक्तदाब टिकवणारी औषधं असली की अनेकदा स्नायू विजेला दादच देत नाही. म्हणजे ज्यांना गरज जास्त, त्यांच्यावरच परिणाम कमी.

उपचार निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. 'टळतो' हा शब्द मात्र या पुराव्याला पेलत नाही. तुमच्या माणसासाठी कुणी हे यंत्र सुचवलं, तर नकार देऊ नका, पण दोन गोष्टी जरूर विचारा: प्रवाह सोडल्यावर स्नायू खरंच हलतोय का? आणि यासाठी फिजिओथेरपिस्टचा रोजचा वेळ कमी तर होत नाही ना?