शिडीचें चित्र आणि रेणूची हालचाल

ग्रंथांप्रमाणें शास्त्रीय चित्रांवरही टीका व्हावी, हें आमचें म्हणणें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या नामपुरांतील कोणत्याही विज्ञानाच्या विद्यार्थ्यास डीएनए म्हणजे काय असें विचारा. तो लागलीच पिळदार शिडी काढून दाखवील. चित्र खोटें नाहीं. वॉटसन व क्रिक यांनीं १९५३ सालीं मांडलेली ही रचना आजही प्रमाण आहे. आमचा आक्षेप एवढाच कीं, चित्र स्थिर आहे आणि रेणू स्थिर नाहीं.

ही हालचाल कळते ती चुंबकीय अनुस्पंदनानें. रुग्णालयांतील एमआरआयचें तत्त्वही तेंच. प्रबळ चुंबकक्षेत्रांतील अणुकेंद्रें रेडिओलहरींना साद देतात व शेजारच्या अणूंनुसार त्या सादेचा सूर किंचित् बदलतो. अल्कोहोलमधील हायड्रोजनचे तीन वेगळे सूर १९५१ सालीं स्टॅनफर्ड येथें प्रसिद्ध करणाऱ्या तिघांत एस. एस. धर्मट्टी होते. पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांनींच या विद्येचा पाया घातला, आणि तेथेंच गोविल, होसूर प्रभृतींनीं न्यूक्लिक अम्लांचा अभ्यास केला.

रेणू दोन रूपांत अदलाबदल करीत असला कीं सूर अस्पष्ट होतो. लहरींचा जोर बदलीत ही अस्पष्टता मोजली म्हणजे क्षणिक रूपाचें प्रमाण व आयुष्य काढतां येतें. याच रीतीनें अमेरिकेंतील अल-हाशिमी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं दाखविलें कीं, शिडीच्या पायरींतील एक घटक मधूनच उलटा फिरतो आणि हूगस्टीन यांनीं १९५९ सालीं स्फटिकांत पाहिलेली जोडणी घडते. तिचें प्रमाण शेंकडा एक किंवा त्याहूनही कमी, आणि आयुष्य सेकंदाच्या सहस्रांशाएवढें! पण ती क्षुल्लक नव्हे. कांहीं प्रथिनें व औषधें डीएनएला बिलगलेलीं असतां हीच जोडणी पूर्वीं आढळली होती.

तथापि ‘नाचणारा रेणू’ असें लिहिणाऱ्या उत्साही लेखकांचाही पक्ष आम्ही घेत नाहीं. शंभरांतील नव्याण्णव वेळां ती पायरी जागच्या जागींच असते. शिवाय हें क्षणिक रूप गणितानें काढलेलें आहे, डोळ्यांनीं पाहिलेलें नव्हे.

आम्ही स्वतः वर्षानुवर्षें फळ्यावर तीच निश्चल शिडी काढीत आलों, म्हणून या दोषांत आमचाही वांटा आहे. चित्र पुसावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याखालीं ‘हें बहुतेक वेळचें रूप, सर्व वेळचें नव्हे’ एवढें एक वाक्य लिहावें. तेवढ्यानें विद्यार्थी पाठांतर सोडून विचार करूं लागेल.