जुनेर आणि नवी हौस

ग्रंथाची टीका करावी, नाटकाची करावी, चित्राची करावी. परंतु अंगावरच्या वस्त्राची टीका करू पाहणारास आमच्याकडे गंभीर मानण्याची रीत नाही. ते काम शिंप्याचे, किंवा फार तर फावल्या वेळचे, असे समजले जाते. ही समजूत आम्हांस मान्य नाही. काव्य वाचल्यावाचून पुष्कळांचे आयुष्य सरते. वस्त्रावाचून कोणाचेही सरत नाही. ज्या कृतीशी प्रत्येक मनुष्याचा रोज संबंध येतो, तिचे गुणदोष पाहण्यास टीकाकाराने का लाजावे?

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत हल्ली एक नवी हौस दृष्टीस पडते. आईच्या जुन्या साडीचा कुडता, वडिलांच्या सदऱ्यांचा झगा, विटलेल्या जीनचे तुकडे जोडून केलेले जाकीट, उरल्यासुरल्या चिंध्यांची पिशवी, अशा वस्तू शिक्षित तरुण मंडळी आवडीने करतात, विकतात आणि वापरतात. ‘अपसायकलिंग’ हे तिचे परके नाव आता आमच्याकडेही रुळले आहे. आठवड्यागणिक बदलणाऱ्या, स्वस्त आणि अल्पायुषी अशा ‘फास्ट फॅशन’ला आम्ही दिलेले हे उत्तर आहे, असे या मंडळींचे म्हणणे असते. हौस स्तुत्य आहे, हे आम्ही आरंभीच सांगतो. परंतु उत्तर म्हणून ती कितपत पुरी पडते, हा निराळा प्रश्न असून त्याचाच येथे थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे, की ही गोष्ट नवी नाही. लुगडे जुने झाले म्हणजे त्यास ‘जुनेर’ हे स्वतंत्र नाव मिळे. ज्या भाषेने जुन्या वस्त्रास वेगळे नाव दिले, तिच्या घरात त्याला वेगळी जागाही होती. लुगडे मध्येच विरले की विरलेला भाग काढून टाकीत आणि दोन्हीकडचे धड भाग जोडून शिवीत. यास दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही विरले, की त्यातून लहान मुलीचा परकर निघे, बाळाचे झबले, कुंची, दुपटे निघे. उरले ते गोधडीत जाई. आणि गोधडीतूनही जे सुटे त्याचे पोतेरे होई. या क्रमात एक शिस्त आहे. प्रत्येक पायरीवर वस्त्र आधीपेक्षा लहान कामास लागते, आणि वरच्या पायरीचे काम संपल्याखेरीज खालच्या पायरीवर ते उतरत नाही.

ही शिस्त किती जुनी आहे, हे पाहण्यास उपनगरवासीयांना दूर जावे लागत नाही. बोरिवलीच्या अरण्यात कान्हेरीची लेणी आहेत. तेथील शिलालेखांत भिक्षूंच्या चीवरांसाठी ठेवलेल्या कायम ठेवींचे उल्लेख आढळतात. त्या भिक्षूंच्या विनयग्रंथात एक मार्मिक प्रसंग आहे. आनंदाला एकदम ५०० वस्त्रे दान मिळाली, तेव्हा उदयन राजाने शंका काढली, की इतक्या वस्त्रांचे हा श्रमण काय करणार? आनंदाने सांगितले, की ज्यांची चीवरे झिजली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गादीच्या खोळी, खोळींची बैठकीची वस्त्रे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी, आणि फडकी कुटून, चिखलात कालवून, त्यांनी जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. आजच्या कोणत्याही दुकानदारास हे प्रश्न याच क्रमाने विचारून पाहावेत. तो दुसऱ्या पायरीवरच थांबेल, असे आम्हांस वाटते.

मग ही साखळी तुटली कोठे? आमच्या मते ती स्वस्ताईने तोडली. नवा सदरा जुन्याच्या दुरुस्तीइतक्याच पैशांत मिळू लागला, की सुईदोरा हाती धरणारा मूर्ख ठरतो. परंतु वस्तू स्वस्त होते म्हणजे तिची किंमत नाहीशी होत नाही, ती दुसरा कोणी तरी भरतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. आदल्याच दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तरी तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. आणि हे वाचून मुंबईकराने केवळ हळहळणे पुरेसे नाही. या शहराची उभारणीच कापडावर झाली. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल उभा आहे. कापड विणणारे शहर कापड विकत घेणारे शहर झाले. वस्त्र कसे होते, त्यास किती हात लागतात, हे ज्यांच्या घरात ठाऊक होते, त्यांची नातवंडे आज किंमतीची चिठ्ठी वाचून वस्त्राची पारख करतात.

तथापि पारख करणारी एक व्यक्ती अजून उरली आहे. ती म्हणजे बोहारीण. स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन इमारतींखाली हाळी देणारी ही स्त्री बहुधा वाघरी समाजातील असते. आज हा समाज देवीपूजक या नावानेही ओळखला जातो. आमचा मध्यमवर्ग तिच्याशी एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करतो, आणि ती गेली की तिच्या लबाडीच्या गोष्टी सांगतो. परंतु तिचे काम बारकाईने पाहावे. ती सदरा उजेडाकडे धरून विरलेले कापड ओळखते, काखेतला डाग पाहते, कॉलरची घडी उलटते, साडीचा काठ बोटांनी चाचपते. तिने नेलेले कपडे धुतले जातात, सांधले जातात, इस्त्री होऊन जुन्या बाजारात पुन्हा उभे राहतात, आणि ज्याला नवे परवडत नाही त्याच्या अंगावर जातात. अपसायकलिंग हा शब्द येण्यापूर्वी कितीतरी आधीपासून या स्त्रियांनी तो धंदा चालविला आहे. नव्या हौशीच्या गौरवपर लेखनात मात्र तिचे नाव क्वचितच येते. जी कला स्वतःच्या पूर्वसूरींना ओळखत नाही, तिच्यात काही उथळपणा राहतोच.

आता नव्या कृतींकडे वळू. त्यांतील चांगल्या कृती खरोखरच चांगल्या आहेत. आईच्या इरकलीचा पदर विरलेला असता, धड काठ हेरून ते बाह्यांना आणि गळ्याला लावणे, यात जुन्या दंडाचीच बुद्धी आहे: विरलेले टाकावे, धड ते जोडावे. परंतु पुष्कळ ठिकाणी याच्या उलट घडते. जी साडी आणखी दहा वर्षे नेसता आली असती ती केवळ नवेपणासाठी कापली जाते. फाटलेले नसता ठिगळ लावले जाते. ठिगळ हे भोकासाठी असते. भोकावाचून लावलेले ठिगळ म्हणजे अर्थावाचून वापरलेला अलंकार होय, आणि साहित्यात ज्यास आपण दोष म्हणतो त्यास वस्त्रात गुण का म्हणावे? गोधडीचा धावदोरा काठाकाठाने आत वळत मध्याकडे जातो, तो शोभेसाठी नव्हे. आतल्या चिंध्यांचे गोळे होऊ नयेत म्हणून. शोभा त्या कामातून आपोआप उपजते. नव्या कारागिरांनी गोधडीचे रूप घेतले आहे. तिचे कारण घेतले नाही.

दुसरा दोष त्यांचा नव्हे, कापडाचा आहे. सुती कापड जुने होता होता मऊ होते, घाम आणि पाणी टिपते. म्हणूनच त्याचे दुपटे होते आणि शेवटी पोतेरेही होते. पॉलिएस्टर म्हातारे होत नाही, ते केवळ कुरूप होते. त्याचे ना दुपटे होते ना फडके. ते अखेर कचराभूमीवरच जाते. मुलुंडची कचराभूमी २०१८ साली नव्या कचऱ्याला बंद झाली. परंतु एक भूमी बंद झाल्याने कचरा बंद होत नाही, तो दुसरीकडे जातो. तेव्हा जुन्याचे नवे करण्याचा विचार जुने झाल्यावर सुरू करून भागत नाही; तो विकत घेतानाच केला पाहिजे. ज्या कपड्यास उतरण्यासाठी पुढची पायरीच नाही, तो घेऊच नये.

येथवर आम्ही जुन्या वस्त्राची बाजू मांडली. परंतु एक आक्षेप असा आहे, की त्यास उत्तर दिल्यावाचून हा विषय संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. बौद्ध भिक्षू स्मशानातील आणि उकिरड्यावरील चिंध्यांचे चीवर करीत. गाडगे महाराजांनी चिंध्यांची गोधडी पांघरून गावेच्या गावे झाडली. तो त्याग होता, कारण तो त्यांनी निवडला होता. परंतु मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रे सांगितली आहेत ती प्रेतांवरची. वस्त्र तेच, एकाच्या अंगावर ते व्रत होते, दुसऱ्याच्या अंगावर शिक्षा. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांपुढे बोलताना पोशाखाचा विषय मुद्दाम घेतला, आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेली नेसण्याची रीत व दागिने टाकून देण्यास सांगितले. ज्यांच्या पूर्वजांना दुसऱ्याचे उतरलेले वस्त्र घालणे भाग पडले, त्यांनी स्वतःच्या पैशाने कोरा सदरा विकत घेतला, तर त्यांना काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. जुने वापरण्याची हौस ज्याला नवे सहज मिळते त्यालाच शोभते, आणि म्हणून तिचा आरंभही त्यानेच केला पाहिजे.

दानाच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दूरदूरहून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. तेथील लोकांच्या नेसण्याच्या रीतीशी त्यांतील पुष्कळांचा मेळ नव्हता, आणि कित्येक कपडे देण्याच्या लायकीचेही नव्हते. १९९९ साली स्थापन झालेल्या ‘गूंज’ या संस्थेने असे कपडे गोळा करून, निवडून, त्यांतून उपयोगाच्या वस्तू करण्याचे काम अंगावर घेतले. घर रिकामे करणे आणि दुसऱ्याला देणे या दोन क्रिया एक नव्हेत, हे शिक्षण त्या ढिगांनी सर्वांस दिले आहे.

एवढ्या विवेचनावरून आमचे मत वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. जुन्याचे नवे करणे ही उत्तम कला आहे. परंतु ती साखळीतील तिसरी किंवा चौथी कडी आहे, पहिली नव्हे. पहिली कडी म्हणजे कमी घेणे आणि घेतलेले झिजेपर्यंत वापरणे. दुसरी म्हणजे दुरुस्ती: पदपथावर यंत्र मांडून बसलेल्या शिंप्याकडे बटण, अस्तर, उसवलेली शिवण घेऊन जाणे, आणि तो मागेल ते पैसे कुरकुर न करता देणे. तिसरी म्हणजे धड कपडा धुऊन बोहारणीला देणे. आणि यांतून जे उरेल, त्यावर हौशी कारागिराने खुशाल कात्री चालवावी. तो कुडता देखणा झाला तर आम्ही त्याची स्तुती करू. परंतु तो किती वर्षे वापरला गेला, शिवणारणीला मजुरी काय मिळाली, आणि तो आल्यामुळे दुकानातला एक तरी नवा कुडता घ्यावयाचा राहिला काय, हे तीन प्रश्न आम्ही स्तुतीपूर्वी विचारू. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे असेल, तर कपाटात फक्त एका कपड्याची भर पडली, इतकेच म्हणता येईल.